तळ्यातलं दुखणं आणि परसातलं औषध

या सदराकडे आलेल्या पत्रांत यंदा एकच विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. मासे आणि कोळंबीला खाद्यातून द्यायची वनस्पतींची औषधं. काहींनी बाटल्यांचे फोटो पाठवलेत, एका ताईंनी घरच्या काढ्याची कृती लिहून ‘हा माशांना चालेल का’ असं विचारलंय. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. ज्यांच्या उत्तराचा इतरांनाही उपयोग होईल अशी निवडली आहेत. दोघांनी नाव छापू नका अशी विनंती केली होती, म्हणून कोणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : आमची व्हॅनामेई कोळंबीची तीन तळी आहेत. मागच्या हंगामात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि एका तळ्यात काही उरलं नाही. आता एक विक्रेता हर्बल लिक्विड घेऊन येतो. किलोभर खाद्याला १० मिली, लिटरचा भाव ६५० रुपये. ‘हे चालू ठेवा, व्हाइट स्पॉट येणारच नाही’ म्हणतो. घ्यावं का? (एक कोळंबी उत्पादक, डहाणू तालुका)

जो ‘येणारच नाही’ म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका, हे आधी सांगते. या रोगाचा विषाणू १९९४-९५ मध्ये भारताच्या किनाऱ्यावर पसरला तेव्हा टायगर कोळंबीची तळीच्या तळी रिकामी झाली. २००९ मध्ये व्हॅनामेई या परदेशी जातीला परवानगी मिळाली, रोगमुक्त प्रजनकांपासूनचं बीज (पिल्लं) यायला लागलं, तरी विषाणू गेलेला नाही. एकदा तळ्यात पसरला की तीन ते दहा दिवसांत सगळी कोळंबी जाऊ शकते. लागण झालेल्या तळ्याला बरं करील असं औषध आजही कोणाकडे नाही, ना इंग्रजी, ना आयुर्वेदिक.

मग वनस्पतींचं सगळं थोतांड आहे का? नाही, आणि ते तितक्याच ठामपणे सांगायला हवं. कोळंबीच्या अंगात आपल्यासारखी किंवा माशांसारखी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होत नाहीत, त्यामुळे माशाला देता येते तशी लस तिच्यावर चालत नाही. तिची सगळी भिस्त रक्तातल्या पेशींवर असते. त्या जंतूला गिळतात, फार मोठा असेल तर त्याच्याभोवती कडं करतात, आणि फिनॉलऑक्सिडेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं त्याला काळ्या रंगद्रव्यात कोंडतात. कोळंबीच्या कवचावर जखमेच्या जागी काळा डाग पडलेला तुम्ही नक्की पाहिला असेल. तो याच झटापटीचा. काही वनस्पतींचे अर्क खाद्यातून गेले की या पेशींची संख्या वाढते, विकराचं काम वाढतं, हे अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. तमिळनाडूतल्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास टायगर कोळंबीला खाद्यातून दुर्वांचा अर्क दिला, हो, गणपतीला वाहतो त्याच दुर्वा, आणि २ टक्के मात्रेच्या गटात विषाणू देऊनही मर झाली नाही.

हे वाचून कोणी लगेच बांधावरच्या दुर्वा कुटायला घेईल, म्हणून पुढचंही वाचा. त्या प्रयोगात टाक्या स्वच्छ होत्या, कोळंबी मोजकी होती. आणि दिला तो अर्क होता, वाळवून कुटलेली पूड नव्हती. दोन्हींच्या ताकदीत फार अंतर असतं. तुमच्या तळ्यात पहाटे ऑक्सिजन खाली जातो, तळाशी गाळ सडत असतो, पावसाची एक मोठी सर आली की खारटपणा बदलतो, थंडीत एका रात्रीत पाणी गार पडतं. विषाणू अंगात दबा धरून असलेली कोळंबी नेमकी अशाच दिवशी कोसळते. अशा दिवशी अर्कानं वाढवलेली थोडीफार ताकद कामी येईलही, पण सगळा भार ती पेलणार नाही.

आता हिशोब करू. एका तळ्याला हंगामात तीन टन खाद्य लागतं असं धरा. १० मिलीनं ३० लिटर झाले, म्हणजे १९,५०० रुपये. तीन तळ्यांचे ५८,५०० रुपये. या पैशातून आधी काय व्हायला हवं ते मी क्रमानं सांगते. बीज घेताना हॅचरीचा (बीज केंद्राचा) कागद बघून थांबू नका, त्याच लॉटमधले नमुने स्वतः पीसीआर तपासणीला (विषाणूचा अंश शोधणाऱ्या) द्या. तळ्याभोवती खेकडे आत येणार नाहीत असं प्लॅस्टिकचं कुंपण घाला. खाडीतले खेकडे आणि जंगली कोळंबी हा विषाणू घेऊन फिरतात, आणि बांध ओलांडायला खेकड्याला एक रात्र पुरते. पाणी आत घेताना बारीक जाळीतून गाळा, ब्लीचिंग करून ठेवा, मगच बीज सोडा. हंगाम संपल्यावर तळ पूर्ण वाळू द्या, भेगा पडेपर्यंत. हे सगळं झालं असेल आणि तरी हातात पैसे असतील तर बाटलीचा विचार करू.

बाटली घेतलीच तर तीन तळ्यांना एकदम देऊ नका. एकाला द्या, दोन तशीच ठेवा, बीज एकाच लॉटचं आणि घनता सारखी ठेवा. नाहीतर हंगाम चांगला गेला की श्रेय बाटलीला आणि वाईट गेला की दोष हवामानाला, असंच होत राहतं. रोग येण्याची वाट न बघता सुरुवातीपासून द्या, पण सलगही नको. दोन आठवडे देऊन दोन आठवडे थांबा. सतत उत्तेजन मिळालं की प्रतिसाद मंदावतो, हे अशा बऱ्याच द्रव्यांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

आणखी एक, जे विक्रेते सहसा बोलत नाहीत. मासा दाणा दिसला की गिळतो. कोळंबी दाणा पायांत धरून कुरतडत बसते. दाणा पाण्यात तासभर, कधी त्याहून जास्त पडून असतो, आणि वरून चोपडलेलं औषध तेवढ्या वेळात पाण्यात उतरतं. घरीच बघा. दोन काचेचे पेले घ्या, तळ्याचंच पाणी भरा, एकात औषध लावलेले दाणे टाका, दुसऱ्यात साधे. अर्ध्या तासानं पहिल्या पेल्याचं पाणी रंगलं असेल, वास मारत असेल, तर तुमचे ६५० रुपये पाण्यात गेले, कोळंबीच्या पोटात नाही. औषध दाण्याला चिकटवून ठेवणारा बाइंडर चांगला हवा, दाणे सावलीत नीट सुकवायला हवेत, आणि चेक ट्रे (खाद्य किती खाल्लं ते पाहायचा) नेहमीपेक्षा लवकर उचलून बघायला हवा.

लेबलवर वनस्पतींची शास्त्रीय नावं, प्रत्येकीचं प्रमाण, बॅच, मुदत हे सगळं आहे का ते पाहा. ‘२१ दुर्मीळ वनौषधी’ एवढंच छापलेलं असेल तर ते लेबल नव्हे. विक्रेत्याकडे प्रतिजैविक नसल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. माल निर्यातीला जाणार असेल तर हे टाळूच नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांना मत्स्यशेतीत पूर्ण बंदी आहे. एखाद्या ‘हर्बल’ बाटलीत त्यांचा अंश निघाला तर कंटेनर परत येईल आणि नाव तुमचं जाईल. जी बाटली दोन दिवसांत जादू दाखवते तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त शंका येते. वनस्पती दोन दिवसांत जादू दाखवत नाहीत.

आणि मर सुरू झालीच तर औषध शोधत धावू नका. पाणी बाहेर सोडू नका, शेजारच्या तळेवाल्याला त्याच दिवशी सांगा, पाण्याचं क्लोरिननं निर्जंतुकीकरण करा. लाजेखातर लपवलं की पुढच्या भरतीला तेच पाणी चार तळ्यांत शिरतं.

प्रश्न : शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेत. दर थंडीत काही माशांच्या अंगावर लाल चट्टे आणि जखमा होतात. लसूण-हळद खाद्यातून दिली तर चालते असं ऐकलं. किती द्यायची, कशी द्यायची, कोणी नीट सांगत नाही. (एक शेतकरी, वाशिम जिल्हा)

तुमच्या पत्रातला ‘दर थंडीत’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की रोहू-कटला खाणं कमी करतात. आजारी मासा तर खाद्याकडे येतच नाही. तेव्हा जखमा दिसल्यावर लसूण सुरू केली तर ती निरोगी माशांच्या पोटात जाणार, ज्याला गरज आहे तो कोपऱ्यात पृष्ठभागाशी तरंगत राहणार. खाद्यातलं औषध हे आधी द्यायचं असतं. तुमच्याकडे ते पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला चालू व्हायला हवं, मासे भरपूर खातात तेव्हा.

मात्रेबद्दल. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत रोहूच्या बोटुकल्यांवर (बोटाएवढ्या पिलांवर) लसणाचा प्रयोग झाला होता. किलोभर खाद्यात १, ५ आणि १० ग्रॅम असे तीन गट, साठ दिवस खाद्य, मग एरोमोनास जिवाणूची लागण. लसूण खाल्लेल्या गटांत साध्या खाद्यावरच्या गटापेक्षा जास्त मासे वाचले, पण सर्वांत जास्त लसूण खाल्लेला गट सर्वांत पुढे नव्हता. ही गोष्ट मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगते, कारण आपल्याकडे ‘थोडं जास्तच घाल’ ही सवय हाताला लागलेली आहे. किलोला ५ ग्रॅमवर थांबा.

तुमच्या तळ्यात पाव किलोचे चारशे मासे असतील तर एकूण वजन शंभर किलो. दोन टक्क्यांनी दिवसाला दोन किलो खाद्य. म्हणजे १० ग्रॅम लसूण, फक्त दोन-तीन पाकळ्या! घरातल्या फोडणीला याहून जास्त जाते.

पण ती कशी घालायची यावर सगळं आहे. लसणाचा जो तिखट वास आहे तो अख्ख्या पाकळीत नसतो. पाकळी ठेचली की आतलं एक द्रव्य आणि एक विकर एकमेकांना भेटतात, तेव्हा ॲलिसिन तयार होतं, आणि खरं काम त्याचं आहे. म्हणून ठेचा, दहा मिनिटं तशीच राहू द्या. त्याआधी गरम केली तर विकर मरतं आणि पुढे काही होत नाही. मी अनेक ठिकाणी पाहिलंय, कोंडा-पेंड शिजवतात, त्या उकळत्या पातेल्यात लसूण टाकतात, घरभर वास सुटतो आणि माणसाला वाटतं औषध जोरदार झालं. तो वास म्हणजे तुमचं औषध उडून चाललेलं असतं. खाद्य पूर्ण गार होऊ द्या. हळद असेल तर ती आधी तेलात कालवा, किलो खाद्याला वीस मिली शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल पुरे, कारण हळदीतलं कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही. त्या तेलात ठेचलेली लसूण घाला, दाण्यांवर हातानं चोळा, गोणपाटावर सावलीत पसरून अर्धा-पाऊण तास सुकू द्या. उन्हात नको, उन्हानं हळदीचा कस जातो. केलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा.

हळद बाजारातली सुटी पूड घेऊ नका, भेसळीचा रंग माशाच्या यकृतात जायला नको. वसमतची बाजारपेठ तुमच्यापासून लांब नाही, हळकुंडं आणा आणि दळून घ्या. हळदीचीही मात्रा किलोला ५ ग्रॅमच्या आतच ठेवा.

आता जखमांकडे. थंडीत येणारे लाल चट्टे, मग खोल गेलेले व्रण, हे बऱ्याचदा एका बुरशीसारख्या जीवाचं काम असतं. १९८८ मध्ये ईशान्य भारतातून हा व्रणरोग देशात पसरला. हा जीव स्नायूंत शिरलेला असतो, तिथे लसूण पोचत नाही. नमुना जवळच्या मत्स्य महाविद्यालयात तपासून घ्या, नागपूर आणि उदगीर दोन्हीकडे आहेत. व्रणरोगच निघाला तर भुवनेश्वरच्याच संस्थेनं तयार केलेलं सीफॅक्स हे पाण्यात घालायचं औषध आहे, एक हेक्टर क्षेत्रातल्या मीटरभर खोल पाण्याला एक लिटर. तुमचं तळं लहान, त्या हिशोबानं अगदी थोडं लागेल, मोजूनच घाला. थंडीच्या तोंडाला चुना देऊन पाण्याचा आम्लपणा आधीच घालवलेला असेल तर अर्धं काम तिथेच होतं. तळं प्लॅस्टिक अस्तराचं असेल तर मातीचा आधार नसतो, म्हणून चुना टाकण्याआधी आणि नंतर पाण्याचा सामू (पीएच) मोजा. अंदाजानं पोतं रिकामं करू नका.

उपयोग होतोय की नाही हे कसं कळणार, असं तुम्ही शेवटी विचारलंय. तळं एकच आहे, म्हणून त्यातच जाळीचे दोन हापे (पिंजरे) लावा, दोन्हींत सारख्या आकाराचे पंचवीस-पंचवीस मासे ठेवा. एकाला लसणाचं खाद्य, दुसऱ्याला साधं. दर पंधरवड्याला वजन, आणि अंगावर चट्टा असलेले किती, एवढं वहीत लिहा. फेब्रुवारीत ती वही मला पाठवा. माझ्यासाठी ती कोणत्याही बाटलीवरच्या दाव्यापेक्षा मोलाची असेल.

प्रश्न : आमच्याकडे आंब्याच्या कॅनिंगमधून कोयींचे ढीग पडतात. त्या माशांच्या खाद्यात वापरता येतील का? (महिला बचत गट, रत्नागिरी)

तुमच्या पत्रानं मला खरोखर आनंद झाला. होय, यावर काम झालेलं आहे. कोयीच्या आतला गर वाळवून, पूड करून रोहूच्या खाद्यात मिसळला तेव्हा माशांची जिवाणूंशी लढण्याची ताकद वाढलेली दिसली. मात्रा इथेही किलोला काही ग्रॅम एवढीच होती. म्हणजे तुमचे ढीग यानं संपणार नाहीत, हे स्पष्ट सांगते. पण चांगल्या प्रतीची, बुरशी न लागलेली पूड करून मत्स्यशेतकऱ्यांना विकणं हा एक छोटा धंदा होऊ शकतो.

अडचण बुरशीची आहे. कॅनिंगचा हंगाम संपतो तोवर मे सरत आलेला असतो आणि कोकणात पावसाची चाहूल लागते. कोय फोडून गर त्याच दिवशी काढला नाही, दोन-तीन कडक उन्हांत वाळवला नाही, तर आत काळी-हिरवी बुरशी धरते. असा गर माशाला द्याल तर प्रतिकारशक्ती राहिली बाजूला, बुरशीचं विष यकृतात जाईल. गर हातानं मोडला की कट्‌कन आवाज यायला हवा, वाकायला नको. कोयीत तुरट टॅनिन भरपूर असतं, तेच थोडं असेल तर उपकारक आणि जास्त झालं तर खाद्याचं पचन बिघडवणारं, म्हणून ‘फुकटचा माल आहे’ म्हणून पेंडेच्या जागी कोय घालू नका. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन प्राध्यापकांना भेटा, पूड सोबत न्या. १९८१ पासूनचं महाविद्यालय आहे आणि तुमच्या दाराशी आहे.

प्रश्न : कडुनिंबाचा पाला कोळंबीच्या तळ्यात टाकला तर जंतू मरतात असं वडीलधारी सांगतात. (एक वाचक, देवगड)

कोळंबीच्या तळ्यात कडुनिंब नको. निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिनमुळे किडीची कात टाकण्याची क्रिया बिघडते, म्हणून तर आपण निंबोळी अर्क पिकावर फवारतो. कोळंबीही कात टाकूनच वाढते. जे बोंडअळीला मारतं ते तिलाही त्रास देणारच. वडीलधाऱ्यांचा अनुभव खोटा नाही, तो धान्याच्या कणगीतला आणि गोठ्यातला आहे, तिथे कडुनिंब उत्तमच. शेजारच्या आंबा-काजूच्या बागेत निंबोळी अर्क फवारत असाल तर त्याचं पाणी ओहोळातून तळ्यात येत नाही ना, एवढंही बघा.

प्रश्न : नैसर्गिक आहे म्हणजे दुष्परिणाम नाहीत, मग जास्त दिलं तर काय बिघडलं? (दोन वेगवेगळ्या पत्रांतून)

वरचं कडुनिंबाचं उत्तर वाचा. धोतराही नैसर्गिकच आहे.

प्रश्न : मी शोभेचे मासे पाळते आणि विकते. फायटर माशांच्या बरणीत देशी बदामाची वाळलेली पानं टाकतात, त्यानं आजार कमी होतात का? (एक ताई, वेंगुर्ला)

हे खाद्य नसलं तरी जवळचंच आहे म्हणून उत्तर देते. पानांतून टॅनिन उतरतं, पाणी चहासारखं तांबूस होतं, सामू किंचित खाली येतो. फायटर मूळचा अशाच पानांनी रंगलेल्या साचलेल्या पाण्यातला, त्यामुळे त्याला ते मानवतं, आणि बुरशीलाही थोडा आळा बसतो. झाडावरून आपोआप गळलेली, पूर्ण तपकिरी पानंच घ्या, हिरवी नकोत. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या बागेतली नकोत. दोन-तीन लिटरच्या बरणीला अर्धं पान पुरे, ते दोन-तीन आठवड्यांनी काढून टाका, पाणी मात्र नेहमीसारखं बदलत राहा. गप्पी आणि मॉलीला हे पाणी देऊ नका, त्यांना थोडं जड पाणीच लागतं.